उपड्या ताटावरचा फोन

आत फोन थरथरत होता. ठक-ठक, थोडी उसंत, पुन्हा ठक-ठक. स्टीलच्या ताटावर त्याचा असा आवाज व्हायचा की बाहेरच्याला वाटावं, आत कोणीतरी भांडी घासतंय. मी दापोडीत मालनच्या दाराबाहेर उभी होते, माझा फोन कानाला, आणि दार उघडत नव्हतं. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग मी फोन कानावरून खाली घेतला आणि नुसती आतली थरथर ऐकत राहिले. शेजारी एक वेल्डर राहतो, त्याला हाक मारली आणि तो येईपर्यंत पुन्हा एकदा लावला. त्यानं खांदा लावला तशी कडी निघाली. मालन खाटेशेजारी फरशीवर पडलेली, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. फोन तिच्यापासून हातभर लांब, उपड्या ताटावर, आपल्या रोजच्या जागी, अजून थरथरत होता. माझाच कॉल. मी तो बंद करायला विसरले होते. वेल्डर म्हणाला, "मावशी, आधी तो फोन बंद करा ना." मी केला. मग तिच्या पायाला हात लावला. गार होता.

मी तिच्याकडे नेहमी अशीच जायचे. संत तुकाराम नगरहून बस धरायची, दापोडीत उतरायचं आणि दाराशी उभं राहून फोन लावायचा. दार वाजवून काही उपयोग नव्हता, कारण मालनला ऐकू येत नव्हतं. अजिबात नाही. तिचे कान भोसरीच्या एका शेडमध्ये गेले, जिथे आम्ही दोघींनी उमेदीची सगळी वर्षं काढली. पत्र्याचे तुकडे दाबून काढायच्या प्रेस होत्या, एका रांगेत, आणि वरही पत्राच. आवाज आत कोंडायचा. तिथे बोलून कोणालाच काही कळत नसे, त्यामुळे सगळ्या बायका एकमेकींचे ओठ वाचायला शिकल्या होत्या. मालक समोर उभा असताना आम्ही त्याला आवाज न काढता शिव्या द्यायचो, नुसते ओठ हलवून. आणि एक खूण होती. शेजारणीचा हात आत आहे आणि काही बिघडतंय असं वाटलं, तर प्रेसच्या अंगावर पान्यानं दोनदा ठोकायचं. ठक-ठक. म्हणजे हात काढ. ऐकू यायचं नाही, पण लोखंडातून हाडाला लागायचं. बाई हात काढायची, मग विचारायची काय झालं ते.

माझे कान त्यातून वाचले, कारण मी लवकर पॅकिंगला गेले. मालन तिथेच राहिली. नंतर तिला हाताच्या ग्राइंडरवर बसवलं, कडा घासायला. प्रेसनं कान नेले, ग्राइंडरनं बोटं. थंडीत तिच्या बोटांची टोकं पांढरी पडायची आणि सुई टोचली तरी तिला कळायचं नाही. ती काही गरीब गाय नव्हती, हे सांगून ठेवते, कारण माणूस गेलं की लोक त्याला देव करून टाकतात. भांडकुदळ होती. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून जगाला येत नाही असं धरून चालायची आणि बसमध्ये मोठ्यानं माणसांच्या नाकाडोळ्यांवर बोलायची. "कमळे, तो बघ, टोप घातलाय त्यानं, केस न्हाईत ते." तो माणूस आमच्या पुढ्यातच बसलेला असायचा. मी खिडकीबाहेर बघायचे.

नवरा गेल्यावर ती दापोडीच्या त्याच खोलीत एकटी राहिली. मुलगा दीपक चाकणला कंपनीत सुपरवायझर, पिंपळे सौदागरला नवव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. सून चांगली आहे. उगीच सुनेला नावं ठेवायची रीत मला जमत नाही. दोघांचं म्हणणं एकच होतं, आईनं आमच्याकडे यावं. मालनचंही एकच होतं, येणार नाही. शेवटी दीपकनं तिला मोठा, काचेचा फोन आणून दिला आणि एक अट घातली. रोज सकाळी चहाच्या सुट्टीत तो कॉल करणार. तिला ऐकू येत नाही, तेव्हा बोलण्याचा प्रश्न नाही. तिनं फक्त कट करायचा. कट झाला म्हणजे आई ठीक आहे. नाही झाला, तर तो काम टाकून गाडीवरून येणार. "दोनदा चालेल," तो तिच्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं बोलला. "तिसऱ्यांदा आलो की मग खोलीला कुलूप. तू माझ्याबरोबर. कबूल?"

"कबूल," मालन म्हणाली. "तू लहानपणी शाळेत जायला न्हाई म्हणायचास, तवा मीबी तीनदाच म्हणायची."

पहिला चुकला तो लगेचच. जुन्या फोनला बटणं होती, दाबली की खाली जायची. ह्याला नुसती काच. बोटाला जाणीवच नाही, त्यामुळे काचेला बोट लागलं की नाही हेच तिला समजेना. थरथर कळली, फोन हातात घेतला, आणि लाल गोलावर अंगठा असा दाबून धरला जसं काही डाग पुसतेय. तो गोल दाबायचा नव्हता, सरकवायचा होता. दीपक चाकणहून धावत आला तेव्हा ती भाकरी खात होती. त्यानं हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "एक झाला," एवढंच म्हणाला आणि परत गेला.

मग मला बोलावणं आलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, ती तेवढीही नाही, म्हणून तिच्या लेखी मी मास्तरीण. दीपकनं फोन मराठीत करून दिला होता. आम्ही दोघी खाटेवर बसलो आणि एकेक पान उघडत गेलो. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'कॉलसाठी कंपन', आणि शेजारी एक निळं बटण. मी वाचलं आणि थांबले. आमच्या इकडे कारखान्यांत जन्म गेलेल्या माणसाला कंपन असा शब्द दिसला तर तो काय वाचेल? मी म्हणाले, "कंपनी. शेवटची वेलांटी राहिलीय छापताना."

"कुठली कंपनी?" मालननं माझ्या ओठांवरून उचललं.

"ते नाही लिहिलेलं. कॉलसाठी कंपनी, एवढंच."

"कंपनीनं कान नेलं, बोटं नेली. आता फोनमदीबी येऊन बसली व्हय?" असं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं ते निळं बटण सरकवलं. ते पांढरं झालं. "जा म्हणावं." आम्ही दोघी खूप हसलो. ती तर खाटेवर आडवी झाली हसून.

दुसऱ्या दिवशी फोन थरथरलाच नाही. दीपक आला. ह्या वेळी त्याचा चेहरा रागाचा नव्हता, त्याहून वाईट होता. पांढरा पडला होता पोरगा. मी तिथेच होते. त्यानं फोन बघितला, बटण बघितलं आणि विचारलं, हे कोणी बंद केलं. सांगितल्यावर तो डोक्याला हात लावून जमिनीवरच बसला. "अगं आई, कंपन म्हणजे व्हायब्रेशन!"

"मग सरळ मराठीत व्हायब्रेशन लिवायचं की," मालन म्हणाली.

त्याला हसू आलं, पण त्यानं ते येऊ दिलं नाही. दोन बोटं वर केली, तिला दाखवली आणि गेला. त्या दोन बोटांनंतर मालन बदलली.

त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा बसलो. आता कंपन म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्याची तीव्रता कमी-जास्त करायची एक पट्टी होती, ती शेवटपर्यंत ओढली. खाली आणखी एक ओळ, 'स्पर्श केल्यावर कंपन'. ते बटण निळं केलं आणि तिला म्हटलं, आकडे दाब. तिनं एक आकडा दाबला. फोननं तिच्या बोटाला बारीकशी टिचकी मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसरा दाबला. "लागलं!" ती ओरडली. "कमळे, बोट लागलं!" मग कितीतरी वेळ ती उगाच आकडे दाबत बसली. लाल गोल सरकवला की तशीच टिचकी बसायची आणि कट झाल्याचं कळायचं. इतक्या वर्षांत तिच्या बोटांना कोणी उलट उत्तर दिलं नव्हतं.

प्रत्येकाच्या नावाला वेगळी थरथर लावायची सोयही सापडली. दीपकला एक लांब लावली. माझ्यासाठी ती यादी चाळत होती, एकेक तळहातावर घेऊन. दोन ठोक्यांची आली तशी थांबली. "ही तुझी." मी बाहेर जाऊन फोन लावून बघितला, तर आत काहीतरी धपकन पडल्याचा आवाज. आत येते तो फोन कणकेच्या परातीत आणि मालन दोन्ही हात छातीशी घेऊन उभी. "हात काढ म्हणालीस ना तू!" ती मलाच रागावली. ही खोड तिची शेवटपर्यंत गेली नाही. माझा कॉल आला की आधी हात मागे, मग फोनकडे.

ताटाची युक्तीही तिचीच. गोधडीवर ठेवला तर थरथर गोधडीच खाऊन टाकते. म्हणून ताट उपडं घालून खाटेच्या लोखंडी पायाला टेकवलं, फोन त्याच्यावर. फोन आला की अख्खी खाट हलायची.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण एकच चूक उरली होती, आणि ती मालनच्या डोक्यात बसली. सकाळची ती आंघोळीला जाईना, फोन येऊन गेल्यावर जायची. नळाला पाणी आलं तरी भरेना. कमरेला कापडी पिशवी शिवून घेतली, उठून फिरताना फोन त्यात, पोटाला लावून; बसली-निजली की ताटावर. मग भास सुरू झाले. बोलता बोलता थांबायची, पिशवीत हात घालायची, फोन काढायची. काही नसायचं. "आत्ता हालला," म्हणायची. दर थोड्या वेळानं हेच. मी तिला तोंडावर सांगितलं, ही तुरुंगाची पेटी तू पोटाला बांधून घेतलीस, त्यापेक्षा पोराच्या घरी जा, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, वेळेवर जेवण आहे. मला ते खरंच वाटत होतं, आजही वाटतं.

तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. दिवाळीत ती काही दिवस नवव्या मजल्यावर राहून आली होती. "तिथं काय वाईट न्हाई गं," ती म्हणाली. "सून गरम पाणी हातात आणून देती. पण तिथली जमीन हालत न्हाई."

मला समजलं नाही.

तिनं माझा तळहात धरून फरशीवर टेकवला. आम्ही तशाच बसलो, दोन म्हाताऱ्या, हात जमिनीला लावून... थोड्या वेळानं बारीक थरथर आली, वाढली, आणि गेली. "ही पुण्याकडं गेली," मालन म्हणाली. मागच्या रुळांवरची गाडी. मग रस्त्यावरचा ट्रक गेला, तो तिनं वेगळा ओळखला. शेजारणीनं मिक्सर लावला तो वेगळा. वेल्डर घरी आला आणि त्यानं दार आपटलं, तेही. "हे माझं ऐकणं हाय, कमळे. तिथं वर गादी मऊ, सोफा मऊ, जमिनीवर जाजम. बसलं की वाटतं, सगळी मेली आन मी एकटी राहिली."

 दीपकला मी हे सांगितलं नाही, कारण तिनं सांगू नको म्हणून शपथ घातली. पोराला वाटेल आई खुळी झाली, म्हणाली.

ती गेली त्या दिवशी दीपकनं नेहमीच्या वेळेला कॉल केला होता. कट झाला. त्यानं चहा संपवला आणि कामाला लागला. मी दुपारी पोचले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, पण एकदम आलेला नाही. पहाटेपासून दुखत असणार, जीव गेला तो सकाळी उशिरा. खोलीत बघितलं तर त्याला दुजोराच होता. खाटेवर गरम पाण्याची बाटली, गार झालेली. वाटीत ओवा. पाण्याचा तांब्या उशाशी. चहाचं भांडं कोरडं. मालननं चहा घेतला नाही असा दिवस मी पाहिलेला नाही.

दिवसकार्य झाल्यावर दीपक माझ्याकडे आला. आला तो दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "बस." बसला. खिशातून आईचा फोन काढून गुडघ्यावर ठेवला. 

"मावशी, फोन आपोआप कट होतो का कधी?"

ज्याच्या हाताखाली मोठमोठी मशीनं चालतात तो मला विचारत होता. मला, जिनं कंपनचं कंपनी वाचलं. मी कोणता शब्द बोलावा म्हणून तो माझ्याकडे बघत होता ते मला दिसत होतं. पण मला तसलं बोलता येत नाही.

"नाही," मी म्हणाले. "गोल सरकवावा लागतो. आणि फोन ताटावर होता, नीट ठेवलेला. तिनं कट केला आणि जागेवर ठेवला."

"म्हणजे तेव्हा तिला दुखत होतं."

"हो."

"मग तिनं... मी आलो असतो ना. निघालोच असतो."

"म्हणूनच केला," मी म्हणाले. "तू आला असतास तर तिसरा झाला असता."

तो रडला. मी पाणी दिलं. अट घातली त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बहिरी आई एकटी ठेवून कोणता मुलगा निवांत काम करेल? पण त्या अटीत दोनच गोष्टी सांगायची सोय होती. कट केला म्हणजे ठीक, नाही केला म्हणजे खोली गेली. दुखतंय, ये, पण मला इथून नेऊ नकोस, हे सांगायला त्या फोनवर कोणतंच बटण नव्हतं. कंपनाची पट्टी किती का ओढा. मला तिनं कॉल का केला नाही, ह्याचाही मी विचार केला आहे. तिला ऐकू आलं नसतं, पण बोलता येत होतं. नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी मी निघाले असते. पण निघताना मी दीपकला फोन लावला असता. हे तिला माहीत होतं. मला ती पुरती ओळखून होती. ह्याचा मला राग येतो. रोज येतो, थोडासा, भाकरी करताना वगैरे.

दीपकनं विचारलं, तिला खोली एवढी का हवी होती. शपथ ज्या माणसानं घातली ते माणूस राहिलं नव्हतं, तेव्हा सांगून टाकलं. जमीन हलते म्हणून.  तो म्हणाला, खोलीचा ताबा अजून द्यायचा आहे, मी एकदा जाऊन येतो. गेला की नाही ते मी विचारलं नाही.

फोन माझ्याकडे ठेवून गेला. घरी नेला तर सारखा दिसतो म्हणाला. माझे कान चांगले आहेत, मला थरथरीची गरज नाही. तरी मी आत काही बदललेलं नाही. पट्टी शेवटपर्यंत ओढलेली आहे, आकडा दाबला की बोटाला टिचकी बसते. तिच्या खोलीतलं ताटही मी आणलं, वेल्डर नको नको म्हणत असताना. ते उपडं घालून त्यावर फोन ठेवते. सकाळी चहाच्या सुट्टीत ती लांब थरथर येते. दीपक. मी कट करत नाही. उचलते.

"मावशी?"

"हां, बोल."

"काही नाही. चहा झाला?"

"झाला. तुझा?"

एवढंच असतं. पण बोलतो.

मागच्या आठवड्यात एकदा माझ्या फोनवरून मी तिचा नंबर लावला. दुसरा हात ताटावरच्या फोनवर ठेवला होता. माझ्या नावाला तिनं लावलेले दोन ठोके तसेच आहेत. ठक-ठक आलं आणि माझा हात आपोआप मागे आला.

हे दोन ठोके मी एकदा खरे खाल्ले आहेत. भोसरीच्या त्या शेडमध्ये मी पत्रा आत सरकवत होते, प्रेस खाली आणायचा पायटा मालनच्या पायाखाली होता. तिनं पायटा दाबला नव्हता. पण तिला तळपायाला काहीतरी वेगळं लागलं, मशीन नेहमीसारखं हलत नाही असं. तिनं पाना उचलून दोनदा ठोकला. मी हात काढला. प्रेस आपणहून खाली आली, पत्र्याचा तुकडा पडला, आणि पुन्हा वर गेली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मालननं ओठ हलवले, "बोटं मोज." मी मोजली. दहा होती.

त्या प्रेसवर आम्ही दोघी होतो. मालन गेली. मी आहे.